माळवदाच्या तुळईतला भुंगेरा: औसा तालुक्यातील एका घराचे प्रकरण

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात काळ्या दगडाच्या भिंतींचे एक माळवदाचे घर. वर सागाच्या आणि बाभळीच्या तुळ्या, तुळ्यांवर किलचन, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा फूटभर थर. रोहिणी सरत आल्या, वळवाचे पाऊस पडून गेले आणि रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याभोवती तांबूस तपकिरी, लांब मिशांचे भुंगेरे येऊ लागले. त्याच सुमारास एका तुळईखाली शहाबादी फरशीवर पिठासारखा भुसा पडलेला दिसला. घरातल्या आजोबांनाही असला किडा पाहिल्याचे आठवत नव्हते.

आठवड्याभरात या किड्याला तीन नावे मिळाली. सुतार म्हणाला, भुंगा लागलाय. फवारणीवाल्याने वाळवी ठरवली आणि जोत्याभोवती भोके पाडून औषध भरायचा खर्च सांगितला. फोनवरच्या ओळख-ॲपने युरोपातल्या जुन्या घरांत आढळणाऱ्या एका किड्याचे नाव दिले, आणि मग परदेशातला दुर्मीळ किडा आपल्या गावात आला अशी चर्चा सुरू झाली. तिन्ही नावे चुकीची होती. त्यांतल्या कोणत्याही नावावर विसंबून केलेला खर्च वाया गेला असता.

लाकडातून किडा निघाला की माणूस आधी नाव विचारतो. पण नाव हवे असते ते दुसऱ्याच एका प्रश्नासाठी: हा किडा याच वाळलेल्या लाकडात पुन्हा अंडी घालणार का? बरेच किडे उभ्या झाडात किंवा ओल्या ओंडक्यात शिरतात, लाकूड कापून घरात आल्यावर कधीतरी बाहेर पडतात आणि तिथेच त्यांचा विषय संपतो. वाळलेल्या लाकडात त्यांची पुढची पिढी वाढत नाही. थोडे किडे मात्र कोरड्या, वापरात असलेल्या लाकडातच पिढ्यान्‌पिढ्या वाढतात. पहिल्या गटातला किडा असेल तर छिद्र बुजवून गप्प बसता येते. दुसऱ्या गटातला असेल तर तुळईचा हिशेब करावा लागतो. म्हणून जातीपर्यंत ओळख पटवायची.

आधी लाकूड वाचायचे

किडा हातात असला तरी सुरुवात लाकडापासून करावी. भुंगेरा दिव्यावर कुठूनही येतो, शेजारच्या बांधावरूनही. तो याच तुळईतून निघाला हे आधी सिद्ध व्हायला हवे.

प्रत्येक तुळईला खडूने क्रमांक टाकला. बॅटरी लाकडाला जवळजवळ टेकवून, तिरप्या उजेडात तिन्ही उघड्या बाजू पाहिल्या. समोरून उजेड टाकला तर छिद्रे सपाट दिसतात आणि निम्मी सुटतात. तिरप्या उजेडात छिद्राची कड, भुशाची रेघ आणि पृष्ठभागाखाली पोकळ झाल्याने आलेला बारीक फुगवटा, तिन्ही उठून दिसतात. सागाच्या तुळ्या जवळपास निर्मळ निघाल्या. छिद्रे होती ती चौथ्या क्रमांकाच्या, बाभळीच्या तुळईत. ही तुळई बाकीच्यांपेक्षा बरीच नवी, घरच्या बांधावरचे झाड तोडून बसवलेली. तिच्या एका कोपऱ्यावर साल तशीच राहिली होती आणि सालीखालचे फिकट, कच्चे लाकूड तासून काढलेले नव्हते.

छिद्राचा आकार हा सगळ्यांत बोलका पुरावा असतो. इथली छिद्रे लंबगोल होती, सुमारे ७ मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद. कड स्वच्छ कातरलेली. काहींचे आतले लाकूड ताजे फिकट, काहींचे काळवंडलेले आणि त्यांत कोळ्याची जाळी. म्हणजे किडा एकाच वर्षी निघाला नव्हता, मागच्या काही पावसाळ्यांतही निघून गेला होता.

या एका मापावरच बरेच संशयित बाद होतात. पावडर पाडणाऱ्या लिक्टस भुंगेऱ्याचे छिद्र गोल आणि जेमतेम १ ते २ मिलिमीटरचे. सायनोक्सायलॉनसारखे बोस्ट्रिकिड भुंगेरे त्याहून थोडे मोठे पण तेही गोलच छिद्र पाडतात. सुताराने सांगितलेला भुंगा, म्हणजे लाकडात घर करणारी मधमाशीच्या जातकुळीतली काळी-निळी मोठी माशी, वाटोळे भोक पाडतो, त्यात करंगळी सहज जाते आणि खाली जाडा भरड भुसा पडतो. चमकदार रंगाच्या ब्युप्रेस्टिड भुंगेऱ्यांच्या अळ्या चपट्या असतात, म्हणून त्यांची छिद्रेही फार चपटी आणि एका बाजूने सरळ दिसतात. मातीतली वाळवी तर अशी छिद्रे पाडून बाहेर पडतच नाही. तिच्या मातीच्या नळ्या भिंतीवर दिसतात, पोखरलेल्या भागात माती सापडते आणि भुसा पडत नाही. या घरात जोत्यापासून तुळईपर्यंत मातीची एकही नळी नव्हती. लंबगोल, कड कातरलेले, अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढचे छिद्र म्हटले की बोट लांब मिशांच्या भुंगेऱ्यांकडे, म्हणजे सेरॅम्बिसिडी कुळाकडे जाते.

लिक्टसबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण मराठवाड्यात लाकडाला पीठ पडले की सरसकट त्याच्याच नावाने औषध दिले जाते. लिक्टसची अळी लाकडातल्या पिष्टावर, म्हणजे स्टार्चवर जगते. लाकूड जसजसे जुने होते तसतसे पिष्ट संपते आणि त्याचा उपद्रव आपोआप थांबतो. बाभळीचे ओंडके विहिरीत किंवा तळ्यात महिनोन्‌महिने बुडवून ठेवायची जुनी रीत याच कारणाने चालते, कारण पाण्यात पिष्ट निघून जाते. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांतल्या ज्या जाती कोरड्या लाकडात वाढतात, त्यांना मात्र लाकडाचा सेल्युलोजही थोडाफार पचवता येतो. त्यामुळे पाण्यात बुडवलेले म्हणून लाकूड सुरक्षित, हा भरवसा त्यांच्यापुढे टिकत नाही. कित्येक वर्षे जुन्या लाकडातून दर पावसाळ्यात ताजी छिद्रे निघत असतील तर तो लिक्टस नाही.

नंतर चौथ्या तुळईचा एक तुकडा पटाशीने उघडला, भार न पेलणाऱ्या टोकाजवळचा. बाहेरून लाकूड अखंड, रंधा मारल्यासारखे. पटाशी दोन मिलिमीटर आत गेली आणि वरचा पापुद्रा निघून आला. खाली सगळी भुशाने भरलेली बिळे. भुसा इतका घट्ट ठासलेला की टोचा खुपसल्याशिवाय सुटत नव्हता. चिमटीत घेऊन चोळला तर पिठासारखा, पण मध्ये बारीक कण लागतात. लिक्टसचे पीठ टाल्कम पावडरसारखे निसटते. याच सवयीमुळे हा किडा वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. अळी भुसा बाहेर टाकत नाही, मागच्या बिळात दाबत जाते, आणि पृष्ठभाग मात्र शाबूत ठेवते. खाली भुसा पडतो तो प्रौढ भुंगेरा बाहेर पडताना, तोही मूठभर. फरशीवर भुसा दिसला तेव्हा आतले काम बरेचसे उरकलेले असते.

बिळाच्या टोकाशी एक जिवंत अळी मिळाली. मळकट पांढरी, तीन सेंटिमीटरच्या आसपास, डोक्यामागचा भाग सर्वांत रुंद आणि मागे निमुळती. भिंगाखाली तीन गोष्टी पाहिल्या. डोके आडवे, लांबीपेक्षा रुंदीने जास्त. जबड्याची टोके गोलसर, सुताराच्या गोल पटाशीसारखी. आणि छातीखाली अगदी खुरटलेले, पण नक्की असलेले पाय. या तिन्ही खुणा सेरॅम्बिसिनी उपकुळाच्या. आंब्याचे खोड पोखरणारा भिरूड ज्यात मोडतो त्या लॅमिनी उपकुळात अळीचे डोके लांबट, जबड्याची टोके अणकुचीदार आणि पाय नाहीतच. अळी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी. थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर ती काळी पडते, आक्रसते आणि पाय दिसेनासे होतात.

प्रौढ भुंगेरा भिंगाखाली

दिव्यावरचे भुंगेरे रुंद तोंडाच्या बरणीत घेऊन रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले. पकडताना अंगावरची लव घासली जाणार नाही एवढी काळजी घ्यावी. या किड्याच्या ओळखीत लवेला महत्त्व आहे. १० पट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी आणि बाजूने येणारा दिवसाचा उजेड, एवढ्यावर काम भागते. छायाचित्रे काढायची तर चार कोन हवेतच: वरून, बाजूने, समोरून चेहऱ्याचे आणि पोटाकडून. नुसत्या वरून काढलेल्या फोटोवरून या कुळातली ओळख चुकण्याची शक्यता फार.

मोठा नमुना २२ मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी, अंगभर पिवळसर तपकिरी लव. डोळे मोठे, मिशीच्या बुडाला वळसा घालून मूत्रपिंडाच्या आकाराचे, आणि त्यांतले कण जाड, भिंगातून वेगवेगळे मोजता येतील असे. जाड कणांचे डोळे ही निशाचर भुंगेऱ्यांची खूण. चेहरा पुढे तिरपा, सरळ खाली उतरलेला नाही. तोंडाजवळच्या स्पर्शिकांचे शेवटचे पेर टोकाला कापल्यासारखे आडवे. पुढच्या पायाच्या नडगीवर आतल्या बाजूला तिरपी खाच नाही. या तीन गोष्टींनी लॅमिनी उपकुळ पुन्हा एकदा बाद झाले.

मिश्या ११ पेरांच्या. नरात त्या शरीरापेक्षा बऱ्याच लांब, मादीत शरीराएवढ्या किंवा थोड्या आखूड. मिशीच्या खालच्या कडेने लांब केसांची झालर होती, आणि ती साध्या भिंगातूनही स्पष्ट दिसते. छातीवरची ढाल दोन्ही बाजूंनी गोलाकार, बाजूला काटा नाही. नराच्या ढालीच्या दोन्ही अंगांना दाट लवेने भरलेला, थोडा दबलेला भाग होता. मादीत तो नाही. नर आणि मादी शेजारी ठेवून हा फरक पाहिल्यावर प्रजाती पक्की झाली: स्ट्रोमॅटियम. या भागातली तिची जात म्हणजे स्ट्रोमॅटियम बार्बाटम. फॅब्रिशियसने १७७५ साली कॅलिडियम या प्रजातीखाली तिचे वर्णन केले होते. भारतातल्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यांवरचा चार्ल्स गाहान यांचा १९०६ सालचा खंड आजही या कुळाच्या ओळखीसाठी उघडावा लागतो आणि वर दिलेल्या खुणा त्याच क्रमाने तपासता येतात. शंका उरली तर नमुना पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत दाखवता येतो.

ॲपने दिलेले नाव हायलोट्रुपीस बाजुलसचे होते. ही गफलत समजण्यासारखी आहे: दोन्ही तपकिरी, दोन्ही घरच्या लाकडातले, आणि ॲपकडे युरोपातले फोटो ढिगाने. पण हायलोट्रुपीस फक्त चीड, देवदार, पाइन अशा सूचिपर्णी लाकडात वाढतो. बाभूळ आणि साग त्याच्या कामाचे नाहीत. शिवाय त्याच्या छातीच्या ढालीवर दोन चकचकीत काळे उंचवटे असतात आणि मिश्या शरीराच्या निम्म्यापर्यंतही नीट पोचत नाहीत. लाकूड कोणते हे ॲपला कळत नाही, तुळईखाली उभ्या माणसाला कळते.

बाभूळ म्हटल्यावर आणखी एक नाव मनात येते, सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर, बाभळीच्या मुळा-खोडातला किडा. मराठवाड्यातल्या बांधांवर तो पावसाळ्याच्या तोंडी दिवसाही दिसतो, कोवळ्या फांद्यांची साल कुरतडताना. पण तो जिवंत झाडाचा किडा आहे. अळी मूळ आणि खोड पोखरते आणि भुसा बुडाशी बाहेर ढकलते. त्याचा चेहरा सरळ उभा, छातीच्या बाजूला काटा. आंब्याचा भिरूड, बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, तर साडेतीन ते साडेपाच सेंटिमीटरचा आणि छातीवर दोन नारिंगी-तांबडे ठिपके. त्याच्याशी घोटाळा व्हायचे कारण नाही.

दुर्मीळ काय आहे

या भुंगेऱ्याला दुर्मीळ म्हणणे बरोबर नाही. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, म्यानमार असा त्याचा मूळ पसारा आहे, आणि लाकडातून प्रवास करत तो मॉरिशस, मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत पोचला आहे. तीनशेहून अधिक प्रकारच्या लाकडांत तो वाढल्याची नोंद आहे. कोरडे लाकूड खाणाऱ्या किड्यांत इतका सर्वभक्षी दुसरा शोधावा लागेल. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागायतदारांना तो वेगळ्याच वाटेने माहीत आहे: जुन्या वेलींच्या खोडात वाळलेला भाग असतो, त्यात ही अळी शिरते आणि वेल आतून पोकळ करते. पुण्याजवळच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने त्यावर काम केले आहे.

दुर्मीळ आहे ते त्याचे दिसणे. पावसाळा सुरू होताना मादी कोरड्या लाकडाच्या भेगांत, जोडांच्या फटीत, सालीच्या काठाने अंडी घालते. अळी बाहेर येताच आत शिरते आणि मग ती कुणाला दिसत नाही. लाकूड सकस असेल तर वर्षभरात तिची वाढ पुरी होऊ शकते, एरवी दोन-तीन वर्षे लागतात, आणि लाकूड फार जुने, निःसत्त्व असेल तर दहा वर्षांपर्यंतही. वाढ पुरी झाल्यावर अळी पृष्ठभागाजवळ येऊन कोष करते, आणि पहिल्या पावसांच्या सुमारास भुंगेरा राहिलेला पापुद्रा कातरून रात्री बाहेर पडतो. प्रौढ काही आठवडेच जगतो, दिवसा फटीत लपतो आणि रात्री दिव्याकडे येतो. आयुष्याचा फार मोठा भाग लाकडात आणि उरलेला थोडासा अंधारात गेल्यावर आजोबांनाही किडा न आठवणे अगदी साहजिक आहे. घरात दिवे मंद असत तेव्हा तो दिव्यावर दिसण्याचा संभवही कमीच होता.

आणि मूळ प्रश्नाचे उत्तर: होय, हा किडा त्याच तुळईत पुन्हा अंडी घालतो. रिकाम्या बिळांच्या तोंडाशीसुद्धा. एका तुळईत एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या अळ्या असतात, म्हणून एका पावसाळ्यात थोडेच भुंगेरे निघाले तरी आत किती उरले ते त्यावरून कळत नाही.

तुळई ठेवायची की काढायची

इथे घाई करणाऱ्याचे आणि चालढकल करणाऱ्याचे सारखेच नुकसान होते. पहिले काम औषधाचे नाही, टेकूचे. चौथ्या तुळईखाली दोन ठिकाणी लोखंडी जॅक-टेकू लावले, वर फळी देऊन, म्हणजे भार एका बिंदूवर येणार नाही. मग तपासणी.

हातोडीच्या दांड्याने दर १५ सेंटिमीटरवर ठोकत जावे. पोकळ भागाचा आवाज बसका येतो. संशयित जागी ३ मिलिमीटरच्या ड्रिलने आडवे भोक घ्यावे आणि ड्रिल किती खोलीपर्यंत विनासायास जाते ते मोजावे. ड्रिल एकाएकी जड झाले की तिथे निकोप लाकूड लागले. ड्रिल नसेल तर गिरमिट चालते, फक्त हात हलका हवा. इथे दोन्ही बाजूंनी आणि खालून सरासरी २ सेंटिमीटर लाकूड गेले होते. कच्च्या लाकडाचा थर जवळजवळ सगळा, आणि काही ठिकाणी गाभ्यातही बिळे उतरली होती.

दोन सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटते. हिशेब करू. तुळई १५ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच होती. वाकण्याला होणारा विरोध रुंदी गुणिले उंचीचा वर्ग या प्रमाणात असतो. आधी १५ × २० × २०, म्हणजे ६,०००. आता ११ × १८ × १८, म्हणजे ३,५६४. ताकद ५९ टक्क्यांवर आली, आणि उरलेला गाभा पूर्ण निकोप धरून. वर ३० सेंटिमीटर माती म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ४८० किलो; ३ मीटर लांबीच्या आणि शेजारच्या तुळईपासून १.२ मीटर अंतरावरच्या तुळईवर हा भार १,७०० किलोच्या पुढे जातो. पावसात माती भिजली की आणखी वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात याच औसा तालुक्यात आणि शेजारच्या गावांत दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली माणसे दबली. अशा घरात ५९ टक्के ताकदीची तुळई ठेवू नये. चौथी तुळई काढून लोखंडी गर्डर घालायचा निर्णय योग्य होता. पावसाळाभर टेकू ठेवून, वरची माती आधी उतरवून, काम दिवाळीनंतर करायचे ठरले.

काढलेली तुळई सरपण म्हणून रचून ठेवायची नाही. फोडून पुढच्या पावसाळ्याआधी जाळून संपवायची.

बाकीच्या तुळ्यांची सोय

सागाच्या तुळ्यांत काही जोडांजवळ कच्च्या लाकडात एक-दोनच छिद्रे होती, गाभा शाबूत. तिथे बोरॉनची प्रक्रिया पुरेशी आहे. १० लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड ढवळून विरघळवावे. दोन्ही एकत्र टाकले तर जास्त विरघळते. गार पाण्यात खाली खडे बसतात आणि द्रावण पातळ पडते. तीन मीटरच्या तुळईच्या तीन बाजूंचे क्षेत्र १.६५ चौरस मीटर होते, एका हाताला, म्हणजे एका थराला, सुमारे ४०० मिलिलिटर लागते. एकेक दिवस सोडून तीन हात. आधी तेल, रंग, धूर बसलेला थर खरवडून काढावा, नाहीतर द्रावण ओघळून खाली येते आणि लाकूड कोरडेच राहते.

कोरड्या लाकडात हे द्रावण काही मिलिमीटरच मुरते. नव्या अंड्यांतून निघालेली अळी त्या थरात मरते, पण तीन सेंटिमीटर आत बसलेली जुनी अळी वाचते. म्हणून छिद्रांजवळ आत भरावे लागते. इथे नेहमीची चूक होते ती बाहेर पडायच्या छिद्रातच सिरिंज लावण्याची. त्या छिद्रामागचे बीळ भुशाने ठासलेले असते, द्रावण दोन-तीन सेंटिमीटरवर अडते आणि परत बाहेर येते. ५ मिलिमीटरची नवी भोके १५ सेंटिमीटर अंतराने, नागमोडी ओळीत, जाडीच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत घ्यावीत. ती तुळईच्या बाजूला, उंचीच्या मध्याजवळ. वाकताना तिथे ताण सर्वांत कमी असतो. खालच्या बाजूला भोके पाडू नयेत, सगळा ओढ-ताण तिथेच येतो. जनावरांच्या इंजेक्शनच्या ५० मिलिलिटर सिरिंजने सावकाश भरावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावे आणि मग लाकडी खुंटीने बंद करावे. हातमोजे, चष्मा, आणि खालची भांडी, धान्य, पाणी बाहेर. बोरिक ॲसिड मुलांच्या पोटात जाणे धोक्याचे आहे.

बोरॉन पाण्याने धुऊन जाते. गळणाऱ्या माळवदाखाली ते लावणे म्हणजे पैसे वाहून देणे. आधी गळती, सवण्याच्या (माळवदातल्या उजेडाच्या झरोक्याच्या) कडा, मग औषध.

काळे ऑइल किंवा रॉकेल फासायची पद्धत गावोगाव आहे. ते आत जात नाही, आतल्या अळीला काही होत नाही आणि स्वयंपाकघरात आगीचा धोका वाढतो. आळशीचे तेल किंवा वार्निश वेगळ्या कारणासाठी उपयोगी आहे: भेगा आधी लाकडाच्या पुट्टीने बुजवून वर थर दिला तर मादीला अंडी घालायला जागा उरत नाही. पण हे काम बोरॉन वाळल्यावर, शेवटी. धुरीकरण, म्हणजे विषारी वायू कोंडून किडे मारणे, माळवदाच्या घरात जमत नाही, कारण घर हवाबंद होत नाही. शिवाय धुरीचा असर मागे राहत नाही, पुढच्या मृगात मादी पुन्हा येते. देवघर, पाट, चौरंग अशा सुट्या वस्तूंना उष्णता हा उत्तम उपाय. लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सिअस होऊन ते अर्धा तास टिकले पाहिजे. लाकडी खोक्यांच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीला हेच माप लावतात. उन्हात तापवून गाभ्यात एवढी उष्णता पोचतेच असे नाही, सीझनिंगची, म्हणजे लाकूड सुकवायची भट्टी असलेल्या वखारीत काम खात्रीने होते.

आला कुठून

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून द्राक्षाच्या जुन्या खोडांची रास होती, बाग मोडल्यावर सरपणासाठी आणलेली. त्यातली जाड खोडे करवतीने आडवी कापली तेव्हा तेच लंबगोल छेद, तोच ठासलेला भुसा आणि तशाच अळ्या. राशीवरून खिडकी, खिडकीतून दिवा, दिव्याशेजारी साल राहिलेली बाभळीची तुळई: मादीला याहून सोयीचा रस्ता नको. तुळई आधी किडली की खोडे, हे आता ठरवता येत नाही, पण रास ठेवून तुळईवर खर्च करणे निरर्थक आहे. जुन्या बागेची खोडे मोडल्याच्या वर्षातच जाळावीत. ते शक्य नसेल तर घरापासून दूर, रोहिणीच्या आधी बारीक फोडून ठेवावीत. बांधावरचे झाड तुळईसाठी वापरायचे तर साल आणि फिकट लाकूड पूर्ण तासून काढावे, मग भले तुळई दोन बोटे बारीक होवो.

रोहिणीपासून आर्द्रा संपेपर्यंत खिडकीबाहेर पिवळट नव्हे तर पांढरा दिवा, आणि त्याखाली साबणाच्या पाण्याचे घमेले. घरातले दिवे त्या वेळेत लवकर मालवावेत. सापडलेले भुंगेरे मोजून तारखेसह वहीत लिहावेत. त्यातला एक नर आणि एक मादी नमुना म्हणून ठेवावी: टाचणी उजव्या कवचपंखातून, मधोमध नाही, कारण मधली शिवण ओळखीत लागते. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख, कोणत्या लाकडातून निघाला आणि कुणी गोळा केला. लाकडाचे नाव नसलेला नमुना या कुळात अर्धाच उपयोगी पडतो.

आजची सगळी छिद्रे चुन्याच्या ठिपक्याने खुणावली आहेत. पुढच्या वर्षी आर्द्रा संपल्यावर खूण नसलेले छिद्र दिसले तर लगेच औषध फसले म्हणू नये. प्रक्रियेआधीच खोल गेलेली अळी काही वर्षांनीही निघू शकते. आकडा दरवर्षी उतरतो आहे का ते पाहायचे. उतरत नसेल किंवा सागाच्या गाभ्यात नवे छिद्र दिसले, तर ड्रिलची तपासणी त्या तुळईपासून पुन्हा सुरू करायची.